माझी फिर्यादी

मी वहिनींना ढकललं होतं. कोर्टाच्या कागदात पुढे काय लिहिलं गेलं ते सांगणारच आहे, पण आधी एवढं सांगून टाकते. चैत्रातली सकाळ होती. त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो आणि माझे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर होते.

वहिनी म्हणजे माझी शेजारीण. नात्यानं कोणी नाही. पांढुर्ण्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून, आणि बावीस-तेवीस वर्षं आम्ही एकमेकींच्या घरात न विचारता जात-येत होतो. त्या माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. माहेर रामाकोन्याचं. यजमानांचं कापडाचं दुकान होतं, ते गेल्यावर मुलानं सांभाळलं. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, शेवटची अकरा वर्षं मोहगावला, बसनं जाऊन-येऊन. सगळी गल्ली मला 'बाई' म्हणायची. त्याही 'बाई'च म्हणायच्या, पण 'तू' लावून. मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचे.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या अंगणात उघडायची. सकाळी बसच्या घाईत मी तिथूनच त्यांच्या हातात किल्ली द्यायचे आणि संध्याकाळी तिथूनच परत घ्यायचे. माझे यजमान निवृत्त झाल्यावर दुपारी वाचत बसले की जेवायचं विसरायचे, तर वहिनी खिडकीतून त्यांना हाक मारायच्या.

पौषात हे गेले. सकाळी दाढी करता करता खुर्चीत बसले आणि संपलं. मुलगी बंगलोरहून आली, महिनाभर राहिली, गेली. त्यानंतर दिवसातून चार-पाच वेळा मी उगीचच त्या खिडकीशी जाऊन उभी राहायचे. वहिनी फार बोलायच्या अशातला भाग नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता मान वर न करता विचारायच्या, "चहा झाला का वं?" मला तेवढं पुरायचं.

मग त्यांच्या मुलानं घरावर मजला चढवायला काढला. जिना अंगणातून वर जाणार होता आणि जिन्याची भिंत माझ्या खिडकीला अगदी लागून येणार होती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पोळ्या करताना उजेड कमी झाल्यासारखा वाटला म्हणून वळून पाहिलं, तर मिस्त्री खिडकीच्या खालच्या कडेपासून वर विटांचा सहावा थर लावत होता. तो छातीपासून वर दिसत होता. त्यानं मला नमस्कारही केला.

मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर पडले. वहिनी ओट्यावर उभ्या राहून मजुरांना पाणी देत होत्या.

"वहिनी, तुमाले माहीत होतं हे?"

"पोराले जिना पाहिजे न बाई. दुसरीकडून जमत नाही म्हणते तो."

"मले एका शब्दानं सांगता नाही आलं?"

"सांगून काय झालं असतं? तू हो म्हटलं असतं का?" त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अन् जागा आमची आहे बाई."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. जागा त्यांचीच होती, यात खोटं काही नव्हतं. पण तीन महिन्यांपूर्वी माझ्या घरातून एक माणूस गेलं होतं, आणि 'आमची' हा शब्द मला सहन झाला नाही. मी ढकललं.

ओट्याला तीन पायऱ्या होत्या. वहिनी उजव्या हातावर पडल्या, हात अंगाखाली आला. ओठ फुटला. मिस्त्री आणि मजूर बायका धावल्या, त्यांनी त्यांना उचललं. मी वरच उभी राहिले. ढकलायला एक क्षण लागला असेल, पण त्यानंतर मी तशी कितीतरी वेळ उभी होते, खाली उतरले नाही, हात दिला नाही. आजही मला जास्त त्रास होतो तो त्या उभं राहण्याचा.

मुलगा दुकानातून धावत आला. तो लहान असताना आमच्याकडे बसून पाढे पाठ करायचा, आमच्याकडेच जेवून झोपून जायचा. आईच्या तोंडाला रक्त पाहून तो सरळ ठाण्यात गेला. मी त्याला दोष देत नाही. माझ्या मुलीनंही तेच केलं असतं. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, मनगट दोन जागी मोडलेलं निघालं आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला. शिवीगाळ, मारहाण आणि हाड मोडण्याइतकी गंभीर दुखापत. शिवी मी दिली नव्हती. वकील म्हणाले, "ते सगळ्यांच्याच रिपोर्टमधी असते मॅडम, त्याचं मनावर घेऊ नका." जामीन झाला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी आरोपी झाले आणि वहिनी माझ्या फिर्यादी.

वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फिर्यादीशी बोलायचं नाही. एक अक्षर नाही. साक्षीदारावर दबाव टाकून राहिल्या म्हणतील अन् जामीन रद्द होईल."

भिंतीला भिंत लावून राहायचं आणि बोलायचं नाही. त्यांचं सगळं मला ऐकू यायचं. पूजेची घंटा, मिक्सर, सकाळचा खोकला. पाट्यावर वाटण्याचा आवाज मात्र बंद झाला होता, आणि तो का बंद झाला हे मला ठाऊक होतं. माझ्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. त्या रागात मी नगरपालिकेत त्या भिंतीविरुद्ध अर्जही देऊन आले होते. त्यावर कोणी काही केलं नाही आणि मीही पुन्हा विचारायला गेले नाही.

गल्लीतल्या बायका माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या की हसायच्या, तब्येत विचारायच्या. पण घरी येऊन बसायला कोणी तयार नव्हतं, कारण माझ्या दारातून बाहेर पडणारं माणूस पलीकडच्या ओट्यावरून दिसतं. मुलीचा फोन यायचा, ती घाईत असायची. एकदा भाजीबाजारात वांग्यांचा भाव विचारला तर आवाज घोगरा निघाला. तेव्हा लक्षात आलं, तीन दिवस झाले, आपण तोंडच उघडलेलं नाही.

महिन्या-दीड महिन्यानं पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, यायची. खरं सांगायचं तर मी पेशीची वाट पाहायला लागले होते. आदल्या दिवशी साडीला इस्त्री करून ठेवायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकं होती, एकावर वहिनी आणि त्यांचा मुलगा, दुसऱ्यावर मी. आमचा पुकारा व्हायला दुपार व्हायची, आणि कित्येकदा आत जाऊन नुसती पुढची तारीख मिळायची. पण तेवढा वेळ मला त्या दिसायच्या. प्लास्टर निघालं, हात जरा वाकडाच राहिला. पदर डाव्या हातानं सावरायला लागल्या. एकदा चष्मा बदललेला दिसला. घरी येऊन मी विचार करत बसायचे की डोळे दाखवायला कोणासोबत गेल्या असतील.

एका पेशीला मुलगा फोनवर बोलत बाहेर गेला होता. वहिनींना खोकल्याची उबळ आली. समोर पाहतच त्या म्हणाल्या, "पाणी आहे का?"

मी बाटली दोन बाकांच्या मधल्या जागेतून पुढे केली. त्यांनी घेतली, पण झाकण फिरवता येईना. मी उठले, झाकण उघडून दिलं आणि परत जागेवर बसले. त्या दोन घोट प्यायल्या. तेवढ्यात मुलगा आला. त्यानं आईच्या हातातली बाटली घेतली, माझ्यासमोर आणून ठेवली आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "तुम्ही तकलीफ घेऊ नका काकू." माझ्या वकिलांचा मुंशी दारातून पाहत होता. त्यावरून वकिलांची बोलणीही मला खावी लागली.

दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतरच्या तारखेला वहिनींचं बयान ठरलं. म्हणजे आता त्यांना कठड्यात उभं राहून सांगावं लागणार होतं की बाईनं मला ढकललं, आणि मला ते समोर बसून ऐकावं लागणार होतं. मी मनातल्या मनात तयारी करत होते. मला विचारलं तर मी हो म्हणणार होते. वकिलांना अजून सांगितलं नव्हतं.

पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमारीचा. गल्लीतली झाडून सगळी पुरुष मंडळी जाम नदीवर गेलेली. इकडून पांढुर्ण्याचे, तिकडून सावरगावचे, मधे झेंडा आणि दोन्हीकडून दगड. माझं माहेर सावरगावचं, त्यामुळे लहानपणापासून हा दिवस मी दोन्ही काठांवरून पाहिला आहे. आता मी दार लावून घरात बसते. नदीकडून ढोल आणि आरडाओरडा ऐकू येत होता. दुपारी दार वाजलं.

वहिनी होत्या.

"घरात घेते का उभीच ठेवते?"

"वकिलानं बोलू नको म्हटलं आहे," मी म्हणाले.

"तुझ्या वकिलानं म्हटलं. माह्या वकिलानं नाही म्हटलं." त्या आत आल्या, माझ्यामागोमाग थेट स्वयंपाकघरात. दिवा लावलेला होता. त्यांनी बुजलेल्या खिडकीकडे पाहिलं. "अंधार झाला वं इथी."

"हो."

"चहा कर."

मी आधण ठेवलं. साखर सांडली. नदीकडून एकदम मोठा गलका झाला. वहिनी म्हणाल्या, "ते पाह्य. दिवसभर एकमेकाचे डोसके फोडतात अन् संध्याकाळी घरी येऊन जेवतात. कोणी कोणाची रिपोर्ट टाकत नाही. अन् आपण दोघी म्हाताऱ्या कोर्टात जाऊन राहिलो."

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"तू सावरगाववाली. तुमचा हात उचललेलाच असते." आणि त्या हसल्या. दीड वर्षानं मी त्यांचं हसणं ऐकलं. मला हसता आलं नाही. मी गाळणी शोधत राहिले.

चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी बयान देणार नाही. राजीनामा करून टाकू."

आमच्याकडे, मध्य प्रदेशात, कोर्टाचं काम हिंदीत चालतं आणि तिथं राजीनामा म्हणजे दोघांनी आपसात मिटवणं. मला हे माहीत होतं, तरी क्षणभर तो मराठी शब्दच ऐकू आला. वाटलं, काय सोडायचं म्हणून राहिल्या या.

"तुमचा मुलगा ऐकेल?"

"ते तू माह्यावर सोड."

आठवड्याभरानं वकिलांचा फोन आला. समोरचे तयार होते. अर्जात मी माफी मागायची, नगरपालिकेतली भिंतीची तक्रार मागे घ्यायची आणि पुढे कधी काही बोलायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी लगेच हो म्हटलं. वकिलांनी समजावलं, "हाड मोडल्याचा गुन्हा आहे, तुमच्या दोघींच्या कबुलीनं मिटत नाही. कोर्टाची परवानगी लागते. अन् जिला लागलं तिनंच स्वतः उभं राहून सांगावं लागते."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहिलो. वहिनींच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. न्यायाधीश एक तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि वहिनींना विचारलं, "आप अपनी मर्ज़ी से राजीनामा कर रही हैं? कोई डर, कोई दबाव, कोई लालच?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. मग कोर्ट आहे हे आठवून, "नहीं मॅडम."

"हाथ अब कैसा है?"

वहिनींनी हात उचलून दाखवला. "चलता है. काम चल जाता है."

मला तिनं नाव विचारलं, अर्जातलं वाचलं का, मान्य आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. मी थांबून राहिले. मला वाटत होतं की आता ती विचारेल, ढकललं होतं का? दीड वर्ष मी त्या एका प्रश्नाचं उत्तर घेऊन फिरत होते. तिनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आम्ही सह्या केल्या. वहिनींची सही वळून खाली गेली. कोर्टाच्या रीडरनं कागद ओढून घेतला आणि मॅडम म्हणाल्या, "ठीक है. अब मिल-जुलकर रहिए."

सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील. आदेशात मला दोषमुक्त लिहिलं. वकील म्हणाले, "अभिनंदन मॅडम, सुटल्या तुम्ही."

बाहेर आल्यावर माझ्या मनात होतं की समोरच्या टपरीवर दोघींनी चहा घ्यावा. पण मुलानं गाडी आणून उभी केली होती. त्यानं मला हात जोडले. "झालं काकू. चल आई." वहिनींनी गाडीत बसताना माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी पायी घरी आले.

मिल-जुलकर राहायला आम्हाला दोन महिने मिळाले, आणि त्यातही दिवाळीची गडबड. मुलानं सौसरला दुसरं दुकान काढलं होतं, सुनेचं माहेरही तिकडचंच. बिऱ्हाड तिकडे हलवायचं त्यांचं आधीच ठरलं होतं. मी हे गल्लीतल्या एका बाईकडून ऐकलं. मला वाटलं, म्हणजे म्हणूनच मुलगा तयार झाला असेल, जाताना मागे लचांड नको म्हणून. ट्रक भरला त्या दिवशी मी माझ्या ओट्यावर उभी होते. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. त्यांनी डावा हात वर केला.

मग पेशी नाही, खोकला नाही, घंटा नाही. भिंतीला कान लावून पाहिलं तरी काही नाही. मी एकदा कोर्टात जाऊन आदेशाची नक्कल घेऊन आले. तिथल्या बाबूनं विचारलं, "अब क्या काम है इसका?" मी नकलेचे पैसे मोजून दिले. खरं तर त्या व्हरांड्यात जाऊन थोडं बसावं एवढंच होतं. बाकांवर दुसरीच माणसं होती.

फाल्गुनात मी बसनं सौसरला गेले. रस्त्यानं संत्र्यांच्या गाड्या चालल्या होत्या. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर निघालं. सून नीट वागली, पाणी दिलं, पोहे केले. वहिनी समोरच्या खोलीत टीव्हीपुढे बसलेल्या. आम्ही पाहुण्यांसारखं बोललो. ऊन वाढलं, पाणी किती वेळ येतं, गल्लीत कोण कसं आहे. मग सून शाळेतून मुलीला आणायला गेली. टीव्ही वहिनींनीच बंद केला.

मी म्हणाले, "वहिनी, मी तुमाले ढकललं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माहीत आहे मले. मी तिथंच होती न."

"अन् मग मी खाली उतरली नाही. उचलाले आली नाही."

"तेही पाहिलं मी." त्या बराच वेळ मनगट चोळत राहिल्या. "त्याचा राग आला होता मले. पडल्याचा नाही आला. वाटलं, येईल आता, येईल आता. नाही आली तू."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीही तुले सांगाले पाहिजे होतं जिन्याचं. हिंमत नाही झाली. तुझा माणूस गेला होता."

"मुलगा कसा काय तयार झाला पण?"

"तीन दिवस जेवली नाही मी. ताट आलं की परत. तिसऱ्या दिवशी म्हणे, आई, कर तुले करायचं ते." त्या जरा हसल्या. "ती कोर्टातली पोरगी विचारत होती न, दबाव आहे का म्हणून. मी मनात म्हटलं, आहे बाई, पण माहाच आहे, माह्या पोरावर."

जिन्यावर पावलं वाजली. वहिनींनी टीव्ही लावला. सून आत आली, मुलीचं दप्तर उतरवता उतरवता म्हणाली, "काकू, परतीची बस किती वाजता आहे?" मी म्हटलं, आत्ताच निघते. वहिनींना जिना उतरता येत नाही, त्या दारापर्यंत आल्या. "येत जाजो," म्हणाल्या.

त्यानंतर माझं जाणं झालं नाही. गुडघ्याचं निमित्त आहे, पण ते निमित्तच. त्या घरात मी गेले की सगळे जण बसच्या वेळेकडे पाहू लागतील, आणि मग वहिनीही पाहतील. शेजारच्या घरात आता नोकरीनिमित्त आलेलं एक तरुण जोडपं भाड्यानं राहतं. दोघं सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात. त्यांना आमचं काही माहीत नाही.

रविवारी मी सौसरला फोन लावते. फोन सुनेकडे असतो. कधी ती "झोपल्या आहेत" म्हणते, आणि बहुतेक वेळा त्या खरंच झोपलेल्या असतील. मागच्या रविवारी तिनं दिला. वहिनींना ऐकू कमी येतं. मी दोनदा विचारलं, हात कसा आहे. त्या म्हणाल्या, "हो, जेवण झालं." मी बरं म्हटलं. पलीकडे टीव्ही चालू होता. मी फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही. बऱ्याच वेळानं सुनेनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "हॅलो काकू, आहात का?"